बसून बघायची गोष्ट

मराठी माणूस नवं घर दाखवतो त्याचा मार्ग ठरलेला असतो. दारातून हॉल, हॉलमधून स्वयंपाकघर. तिथला मुक्काम मोठा. ट्रॉल्या ओढून दाखवल्या जातात, कोपऱ्यातली फिरती ट्रॉली पुन्हा पुन्हा फिरवली जाते, ओट्याचा ग्रॅनाइट कुठून आणला आणि तोच दगड शेजाऱ्यांना चौरस फुटामागे किती रुपयांनी महाग पडला हे सांगितलं जातं. मग बेडरूम, मग बाल्कनी, आणि बाल्कनीत उभं राहून ‘पूर्वी इथून टेकडी दिसायची’ हे वाक्य. परतीच्या वाटेवर एक दार वीतभर उघडतं, “हे आपलं टॉयलेट” असं कुणीतरी पुटपुटतं आणि पाहुण्याने मान आत घालायच्या आधी ते दार बंद होतं. त्या वीतभर फटीतून पाहुण्याला टाइल्सची कड दिसते. तो “छान, छान” म्हणतो आणि चहाकडे वळतो.

याचा परिणाम असा झाला आहे की ओटा किती उंच असावा याचं शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, आणि कमोड किती उंच असावा हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. लोणच्याला मीठ किती ते आजीला विचारता येतं. फ्लशला पाणी किती ते कुणाला विचारणार? प्रत्येक कुटुंब हा शोध नव्याने आणि स्वतःच्या खर्चाने लावतं, आणि लागलेला शोध पुन्हा त्या वीतभर दारामागे ठेवून देतं.

आमच्या घरात हा प्रश्न आईच्या गुडघ्यांवरून आला. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, यापुढे मांडी नाही आणि उकिडवं बसणं तर नाहीच. घरात दोन संडास, दोन्ही देशी. आमची इमारत कोथरूडमधली, ऐंशीच्या दशकातली. त्या काळचे बिल्डर हॉलमध्ये सोफा आणि माणसं एकाच वेळी मावू नयेत याची काळजी घेत, पण संडास आणि न्हाणीघर मात्र वेगवेगळं देत. या एका गोष्टीसाठी मी त्यांना बाकीचं सगळं माफ केलं आहे. संडास एक पायरी वर. डोक्यावर बिडाची टाकी, टाकीला साखळी. साखळी फार पूर्वीच तुटली होती. तिच्या जागी तात्पुरती बांधलेली सुतळी मात्र भक्कम होती.

चर्चेला बसायचं तर आमच्याकडे पाचही माणसं फक्त जेवायच्या टेबलावर एकत्र येतात, आणि जेवताना हा विषय काढायचा नाही असा बायकोचा दंडक. त्यामुळे बोलणी सर्वनामांत झाली. ‘ते’ कुठलं घ्यायचं, ‘तिकडे’ पाणी किती लागतं, ‘त्याला’ किती खर्च येईल. आईने “भिंतीला टांगलेलंच घ्या, खाली झाडायला जागा मोकळी राहते” असं सांगून टाकलं, तेव्हा घरातली ज्येष्ठ स्त्री इतकी आधुनिक निघाली म्हणून मुलगी टाळ्या वाजवायची तेवढी राहिली. पुढे उलगडा झाला की आई इतका वेळ गीझरबद्दल बोलत होती.

वडिलांची, म्हणजे नानांची, भूमिका एकदम स्पष्ट होती. “उकिडवं बसल्याशिवाय होत नाही. खुर्चीवर बसून काय होणार? विचार होतात फक्त.” नाना ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून खाली बसून उठताना कशालाही धरत नाहीत. ते धरत नाहीत हे सगळ्यांनी बघावं अशी त्यांची इच्छा असते, पण नेमक्या याच कामात प्रेक्षक नसतात ही त्यांची अडचण.

विज्ञान मात्र नानांच्या बाजूने आहे, हे सांगायला हवं. मलमार्गाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरणारा एक स्नायू असतो. आपण उभे असतो किंवा खुर्चीवर बसतो तेव्हा तो वाट वाकडी करून ठेवतो, आणि समाजात वावरताना आपली जी काही प्रतिष्ठा असते ती बरीचशी त्याच्यावर अवलंबून असते. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि वाट बऱ्यापैकी सरळ होते. पाश्चात्त्यांना हे अलीकडे पटू लागलं असून त्यांच्याकडे आता कमोडसमोर ठेवायची सात ते नऊ इंच उंचीची खास स्टुलं मिळतात. त्यावर पाय ठेवून बसायचं, म्हणजे गुडघे वर येतात. हे मी नानांना वाचून दाखवलं. “म्हणजे आधी त्यांनी खुर्ची केली,” नाना म्हणाले, “आणि मग पाट विकत घेतला.”

आता एका बाजूला आईचे गुडघे आणि दुसऱ्या बाजूला नानांचा स्नायू म्हटल्यावर कुणीतरी तडजोड सुचवणारच. ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी सुचवली. तिचं नाव अँग्लो-इंडियन. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उंची कमोडची, पण वरच्या काठाला दोन्ही बाजूंना पाय ठेवायला रुंद, खरबरीत पावलं. बैठक खाली केली की इंग्रजी, वर केली की देशी. सरकारी विश्रामगृहं आणि जुन्या लॉजमध्ये तो अजून दिसतो. कल्पना सर्वसमावेशक आहे, यात शंका नाही. पण जमिनीपासून सव्वा-दीड फूट उंच, ओल्या चिनी मातीच्या काठावर चढून उकिडवं बसणं, तेही पहाटे, अर्धवट झोपेत, हे विश्रामगृहातल्या तरुण अधिकाऱ्यालाही धोक्याचं. बसणाऱ्याला त्याचा काठ रुंद आणि टोचरा लागतो, चढणाऱ्याला अरुंद वाटतो. दोन पक्षांना सारखंच गैरसोयीचं, म्हणून कुणाची तक्रार नाही, या तत्त्वावर आपल्याकडे बरंच काही चालतं. संडास तरी चालू नये. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे अँग्लो-इंडियन बसवू नका, एवढं मी विनोद बाजूला ठेवून सांगतो.

तोवर बातमी नातेवाइकांत पसरली होती. सांगलीच्या आत्यांनी फोनवर कळवलं की बसणाऱ्याचं तोंड पूर्वेकडे येता कामा नये, उत्तर-दक्षिण बघा. बिल्डरने भोक पाडताना दिशा बघितली नव्हती, खाली उतरणारा पाइप बघितला होता, हे आत्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. “मग निदान तोंड जरा तिरकं करून बसावं,” असा उपाय त्यांनी आपणहून दिला. ठाण्याच्या मेहुण्याने वॉल-हंगच घ्या असं ठासून सांगितलं. त्याच्याकडे तो आहे, आणि ज्याच्याकडे वॉल-हंग असतो तो मनुष्य ते वीतभर दार पूर्ण उघडतो. जमिनीला न टेकलेला कमोड. टाकी भिंतीच्या आत, बाहेर नुसती एक चकचकीत पट्टी आणि तिच्यावर दोन बटणं. “अहो भावजी, चारशे किलो वजन पेलतं,” तो म्हणाला. ते खरं आहे. भिंतीतल्या लोखंडी सांगाड्याची क्षमता बहुतेक कंपन्या ४०० किलो सांगतात. पण आमच्या घरातली पाचही माणसं एकाच वेळी बसली तरी एवढं वजन भरत नाही, आणि तशी वेळ कुणावर येऊ नये.

दुकानात गेलो. पूर्वी सॅनिटरी वेअरचं दुकान म्हणजे भवानी पेठेत एखाद्या बोळात, गवताच्या पेंढ्यात गुंडाळलेली भांडी आणि मालकाच्या कानावर पेन्सिल. आता शोरूम असते. प्रत्येक कमोडवर वरून एक-एक दिवा सोडलेला, खाली काळा दगड, मागे मंद बासरी. मॉडेलांची नावं इटालियन गावांची. वातावरणच असं की आवाज आपोआप खाली येतो आणि पिशवी पोटाशी धरावीशी वाटते. एक तरुण विक्रेता पुढे आला. त्याने वन-पीस दाखवला, टू-पीस दाखवला, रिमलेस दाखवला, आणि एका काळ्या कमोडपाशी येऊन थोडा थांबला. काळा कमोड दिव्याखाली फारच रुबाबदार दिसतो. आमच्याकडे निम्मं पाणी बोअरचं. त्यातला क्षार पांढरा असतो. काळ्यावर तो महिन्याभरात कसा दिसेल हे बायकोने विक्रेत्याला तिथल्या तिथे सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की हा मुलगा पगारातून पैसे साठवून तोच घेणार होता.

मला या दुकानातली एक गोष्ट अजून कळलेली नाही. चपलांच्या दुकानात आपण चार पावलं चालून बघतो. गादीच्या दुकानात चांगले प्रतिष्ठित लोक बुटांसकट आडवे होतात. टोपी घालून आरशात बघतो, खुर्चीवर बसून ती कुरकुरते का ते ऐकतो. आणि जिच्यावर पुढची वीस वर्षं रोज बसायचं ती वस्तू मात्र आपण उभ्याने, हात मागे बांधून, जरा वाकून बघतो. गिऱ्हाइकं आली, त्यांनी झाकणं उघडली, झाकणं हळूच आपोआप मिटताना पाहून एकमेकांकडे कौतुकाने बघितलं आणि रंगावर, आकारावर, ‘बाथरूम मोठं वाटेल का’ यावर निर्णय घेऊन निघून गेली. बसलं कुणी नाही. एक गृहस्थ बसण्याच्या बेतात होते. त्यांच्या पत्नीने नुसतं “अहो!” म्हटलं.

विक्रेत्याचा सगळा भर फ्लशवर होता. “सर, यात टॉर्नेडो आहे.” आम्ही आत वाकून बघितलं. आत कोरडं ठणठणीत. शोरूममधल्या एकाही कमोडला पाण्याचं कनेक्शन नव्हतं, त्यामुळे टॉर्नेडो श्रद्धेनेच मानायचा होता.

वास्तविक हे मोजता येतं. उत्तर अमेरिकेत २००३ पासून मॅप नावाची एक चाचणी चालत आली आहे. तीत सोयाबीनच्या घट्ट पेस्टच्या, म्हणजे जपानी लोक ज्याचं सार करून पितात त्या मिसोच्या, गुंडाळ्या करून कमोडमध्ये सोडतात आणि एका फ्लशमध्ये किती ग्रॅम वाहून गेल्या ते नोंदतात. अमेरिकी सरकारचा पाणीबचतीचा शिक्का हवा असेल तर ३५० ग्रॅम तरी गेलेच पाहिजेत. मोठमोठे इंजिनिअर पांढरे कोट घालून हे करतात आणि आकडे प्रसिद्ध करतात, ही मला अत्यंत सुसंस्कृत गोष्ट वाटते. त्या धीरावर मी विक्रेत्याला विचारलं, “याचे ग्रॅम किती?”

“सर, बेचाळीस किलो,” तो म्हणाला. “पूर्ण चिनी माती आहे. पोकळ नाही.”

त्याच्याकडून मिळालेली एक माहिती मात्र उपयोगाची निघाली. फ्लशच्या दोन मुख्य जाती. वॉश-डाउनमध्ये पाणी घाण ढकलून देतं. आत जायची वाट रुंद, आवाज मोठा, आणि भांड्याचा काठ कधीमधी ब्रशने घासावा लागतो. सायफॉनिकमध्ये पाणी भरून आलं की सगळं एकदम ओढलं जातं. दिसायला सुरेख, भांड्यात पाणी मोठ्या परातीएवढं साचलेलं, पण आतली वाट वेडीवाकडी आणि अरुंद. ज्या घरात लहान मुलं खेळण्यातल्या मोटारी पाण्यात सोडून बघतात तिथे पहिली जात बरी. पाणी बोअरचं असेल तरीही तीच, कारण क्षाराने बारीक भोकं बुजतात. रिमलेसला काठाखालची ती लपलेली खोबणच नसते, त्यामुळे घासणाऱ्याचे कष्ट वाचतात. घासणारं माणूस आणि निवडणारं माणूस आपल्या घरांत बहुधा वेगळं असतं, म्हणून या मुद्द्याकडे पुरुषांचं लक्ष जात नाही.

दुकानाच्या अगदी आतल्या दालनात, गाभाऱ्यातच म्हणा, एक जपानी पद्धतीचा कमोड होता. धुणं, वाळवणं, बैठक गरम करणं, सगळं विजेवर, हातात रिमोट. जपानात अशी धुणारी बैठक एका कंपनीने १९८० साली बाजारात आणली आणि आता तिथल्या बहुतेक घरांत ती असते. जवळ गेलं की याचं झाकण आपोआप उघडतं. आम्ही पाच जण आळीपाळीने जवळ गेलो आणि त्याने पाचही वेळा उठून मान दिला. नानांना तो आवडला. “याला रीतभात आहे,” ते म्हणाले. किंमत ऐकून आम्ही सगळे एक पाऊल मागे आलो आणि त्याने झाकण मिटलं. शिवाय पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद गुरुवारी आणि दुरुस्तीसाठी वीज बंद तीही गुरुवारी. आठवड्यातून एक दिवस निर्जळी उपास करणारा कमोड आमच्याकडे चालला नसता.

एवढं सगळं पाहून, ऐकून, तीन मॉडेलांवर टिकमार्क करून आम्ही घरी आलो आणि प्लंबरला बोलावलं. पुण्यामुंबईतला प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा निघण्याची शक्यता मोठी. हा उद्योग तिथे इतका मुरलेला आहे की त्या जिल्ह्यात पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. आमचा प्लंबरही तिकडचाच. देशी भांड्याला बाजारात ओरिसा पॅन म्हणतात. म्हणजे ओरिसा पॅन काढायला खुद्द ओडिशाचा माणूस आला. या योगायोगाचं मला फार अप्रूप वाटलं, त्याला काहीच वाटलं नाही. त्याने माझ्या हातातले इटालियन गावांचे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, “साहब, छेद कितने पे है?”

इतक्या दिवसांत, इतक्या तोंडांतून आलेला हा पहिला मुद्द्याचा प्रश्न.

कमोड आपण निवडतच नाही, तो जमिनीतलं भोक निवडतं. भिंतीपासून त्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर हे त्याचं कूळ आणि गोत्र. आपल्याकडे ते बहुधा नऊ इंच किंवा बारा इंच असतं. कमोड ज्या मापाचा, भोक त्याच मापावर हवं. बारा इंची कमोड नऊ इंची भोकावर बसतच नाही, त्याची टाकी भिंतीत घुसायला बघते. नऊ इंची कमोड बारा इंची भोकावर बसतो खरा, पण मागे तीन इंचांची फट राहते. आमच्याच विंगमध्ये एका घरी अशी फट आहे. तिथे आता ॲसिडच्या बाटल्या, जुने ब्रश आणि एक सापडत नसलेली चावी राहते. आणि हे अंतर टाइल्स लावून झाल्यावरचं धरायचं. कोऱ्या भिंतीपासून मोजलं की मसाला आणि टाइल मिळून इंच-दीड इंच खातात, आणि मग प्लंबर म्हणतो गवंड्याचं चुकलं, गवंडी म्हणतो प्लंबरचं चुकलं, आणि दोघंही मजुरी मागतात.

दुसरा प्रश्न, ती वाट खाली जाते की मागे. जमिनीत उतरली तर एस-ट्रॅप, भिंतीतून बाहेर गेली तर पी-ट्रॅप. दुकानातल्या पाटीवर हे बारीक अक्षरांत असतं आणि टॉर्नेडो मोठ्या. हे एस म्हणजे ते वळणच. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास घरात येऊ देत नाही. त्याचं पेटंट १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या माणसाने घेतलं. तो व्यवसायाने घड्याळजी होता. सकाळच्या या कामाचं आणि वेळेचं नातं त्याला कळलं नसतं तर कुणाला कळणार?

मेहुण्याच्या वॉल-हंगचा निकाल प्लंबरने बोटाच्या पेराने लावला. संडासाच्या भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, “ये तो चार इंची है.” तिच्यात टाकी मावणार नाही. पुढे आणखी एक भिंत उभारायची, म्हणजे सहा-आठ इंच जागा गेली. मग आमच्या संडासाचं दार आत उघडतं ते थेट बसणाऱ्याच्या गुडघ्यांना भेटलं असतं, आणि सगळी सुरुवात गुडघ्यांपासून झाली होती.

फोडायला सुरुवात झाली. पहिला हातोडा पडतो न पडतो तोच खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बनियनवर वर आले. “आमच्या छताला ओल येणार नाही ना?” त्यांच्या छताला आधीपासून ओल आहे आणि ती आमच्यामुळेच आहे हे उभयपक्षी माहीत होतं. पण वर्षानुवर्षं या विषयावर सभ्यपणे न बोलण्याचा करार होता. तोही त्या दिवशी फुटला. जुनी पायरी, तिच्याखालची भर, बिडाचा सांधा, सगळं निघालं. सुतळीही निघाली. नाना ती न्याहाळत होते.

मग त्यांना गिरगावातली चाळ आठवली. गॅलरीच्या टोकाला मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत मिळून संडास, हातात टमरेल, रांगेत पुढे कोण आहे त्यावरून दिवस कसा जाणार याचा अंदाज. कडी मोडलेली असेल तर आत बसून खोकत राहायचं. “आम्हाला निवड नव्हती,” नाना म्हणाले. “पुढचा माणूस बाहेर येणं हीच निवड.” त्याहून जुन्या टोपलीच्या संडासांचं ते बोलले नाहीत. आपलं सुख दुसऱ्या माणसाच्या डोक्यावरून वाहून जायचं, तो काळ बोलायला अवघडच. त्यावर उघड बोलणारी माणसं मराठी मुलखात झाली. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन बोलले. ‘कोकणचे गांधी’ म्हणवले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी संडास साफ करायचं काम आपल्याला द्या अशी मागणी केली. ती नाकारली म्हणून त्यांनी अन्नत्याग केला, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही १९३२च्या डिसेंबरमध्ये उपास केला. आणि आम्ही जेवायच्या टेबलावर ‘ते’ म्हणत होतो.

पाण्याचं थोडं सांगून टाकतो. आमच्या बिडाच्या टाकीतून एका झटक्यात दहा-बारा लिटर पाणी जायचं, आणि आवाजावरून तर पानशेतचा दरवाजा उघडल्याचा भास व्हायचा. आताच्या टाकीला दोन बटणं, लहान कामाला तीन लिटर आणि मोठ्या कामाला सहा. घरोघरी ही दोन्ही बटणं एकदम दाबली जातात. ती वेगवेगळी आहेत हे पाहुण्यांना सांगावं अशी वेळ कधी येत नाही, कारण सांगायचं म्हणजे कोणतं केव्हा तेही सांगावं लागतं. टाकी आतल्या आत झिरपत असेल तर कळत नाही, बिल मात्र येतं. त्यावर सोपा उपाय आहे. शिऱ्यात घालतो तो खायचा केशरी रंग टाकीत चमचाभर टाका, फ्लश करू नका, आणि अर्ध्या तासाने भांड्यात बघा. पाणी केशरी झालं असेल तर वायसर गेला. हा प्रयोग घरातल्या सगळ्यांना सांगून करावा. आमच्याकडे आईला सांगायचं राहिलं, आणि तिने थेट डॉक्टरांनाच फोन लावला.

जेट स्प्रेबद्दल एकच सांगायचं. सोसायटीने प्रेशर पंप बसवला असेल तर नव्या माणसाला आत सोडण्यापूर्वी सावध करावं. बाकी अनुभव बोलतो.

शेवटी आम्ही काय घेतलं? मोठ्या संडासात साधा, पांढरा, जमिनीवर बसणारा, वॉश-डाउन, एस-ट्रॅप, भोकाच्या मापाचा. बैठकीची उंची सव्वाअठरा इंच. नेहमीच्या कमोडची ती सोळाच्या आसपास असते, पण गुडघ्यांसाठी सतरा ते एकोणीस हवी, म्हणजे उठताना जोर लागत नाही. उजव्या हाताला भिंतीत पक्का रोवलेला स्टीलचा दांडा. तो दिसायला दवाखान्यासारखा आहे अशी मुलीची तक्रार होती. झाकण हळू मिटणारं, कारण रात्री दोन वाजता ते आपटलं की सगळं घर उठतं आणि कोण उठलं होतं याची चौकशी होते. दुसऱ्या संडासात नानांसाठी नवा ओरिसा पॅन, पायरी काढून जमिनीबरोबर. इटालियन गाव कुठलंच नाही. विक्रेत्याला थोडं वाईट वाटलं असावं.

नानांच्या संडासात आता बहुतेक मुलगी जाते. योगाच्या वर्गात तिला तो स्नायू शिकवला आहे. आणि नाना सकाळचा पेपर घेऊन मोठ्या संडासात जातात ते अग्रलेख संपल्याशिवाय बाहेर येत नाहीत. आई बाहेर दांड्याची वाट बघत उभी असते. विचारलं तर नाना सांगतात, “मी तिथे फक्त वाचायला बसतो.”

तेव्हा वाचकहो, नवा घेणार असाल तर आधी टेप घेऊन भोकाचं अंतर मोजा, ते कागदावर लिहा आणि मगच दुकानात जा. घरातल्या सगळ्यात दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस बरोबर न्या, रंग त्यालाच निवडू द्या. आणि दुकानात गेल्यावर लाजू नका. झाकण मिटवा आणि सरळ बसा. पाय जमिनीला टेकतात का, उठताना हात कुठे जातो, कड टोचते का ते नीट बघा. आसपासचे लोक दोन मिनिटं बघतील, मग तेही बसतील.